नदीचं संचलन

२०२० च्या मार्चमध्ये माझा मंगळवार बंद पडला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी मी डोंबिवलीहून लोकलने मुंबईत जायचे आणि अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेच्या स्टुडिओत दोन तास वाचून यायचे. माझं काम फक्त वाचायचं. काचेपलीकडच्या मुलाने बोट उचललं की सुरू, तळवा दाखवला की थांब. समोर लटकणारा माईक कोणत्या जातीचा आहे, खोलीला एवढा जाड दरवाजा कशासाठी आहे, याची सहा वर्षांत एकदाही चौकशी केली नाही. गिरणीत दळण ठेवून येणाऱ्याने दगडाला टाकी कधी लावली हे कशाला विचारावं?

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि स्टुडिओला कुलूप लागलं. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे गेला, मग रद्दच झाला. मला मात्र भूगोलाने सोडलं नाही. एप्रिलमध्ये संस्थेतून फोन आला, "नववीचा भूगोल अर्धा राहिलाय, घरून जमेल का?" मी हो म्हणून टाकलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. पुस्तक वाचायला आणखी काय लागतं?

पहिला धडा मोबाइलवर वाचून पाठवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "आवाज लांबून येतोय. न्हाणीघरात बसून वाचताय का?"

तेव्हा आठवला तो माळ्यावरचा खोका. दिवाळीला आलेला भाचा गाणी रेकॉर्ड करायच्या उत्साहात एक माईक मागवून बसला होता आणि उत्साहासकट तो आमच्याकडेच विसरून गेला होता. एकाच साच्यातून निघून डझनभर नावांनी विकला जाणारा चिनी कंडेन्सर माईक. हजार रुपयांत माईक, टेबलाला अडकवायचा दुमडता हात, रबरांचा झोपाळा, स्पंजची टोपी आणि वायर. झोपाळ्यात बसवल्यावर दिसायला थेट स्टुडिओतल्यासारखा. वायरचं टोक लॅपटॉपमध्ये खुपसलं, वाचलं, ऐकलं. माझा आवाज विहिरीच्या तळाशी आणि वर तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी अखंड चर्रर्र.

भाचा बंगळुरात अडकलेला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, त्याला फँटम लागतो."

"कोण, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ?"

"तसाच. दिसत नाही, पण असतो. अठ्ठेचाळीस व्होल्ट."

मग त्याने मला शिकवलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माईकच्या पोटात काय असतं ते समजून घेतलं. सभेत, कीर्तनात हातात धरतात तो डायनॅमिक माईक. त्याच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते चुंबकात हलतं आणि वीज निर्माण होते. वेटोळ्याच्या वजनाने पडदा जरा जडच. तोंडाजवळ धरला तर उत्तम ऐकतो, लांबचं त्याला फारसं पडलेलं नसतं. कंडेन्सरमध्ये वेटोळंच नाही. केसाहून कितीतरी पातळ असा, धातूचा मुलामा दिलेला पडदा आणि त्याच्यामागे अगदी जवळ एक धातूची चकती. पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्या अंतराबरोबर विद्युतदाब बदलतो. ई. सी. वेंट यांनी अमेरिकेत १९१६ मध्ये हा माईक बनवला. पडदा आणि चकतीत विद्युतभार भरून ठेवायला बाहेरून वीज लागते. ती आवाज वाहून आणणाऱ्या तारांतूनच उलट्या दिशेने पाठवतात, वेगळी तार दिसत नाही, म्हणून ती फँटम. १९६२ मध्ये बेल लॅबोरेटरीत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी अशी फिल्म वापरली की तिच्यात एकदा भरलेला भार वर्षानुवर्षं टिकतो. तो इलेक्ट्रेट. अगदी स्वस्त कंडेन्सर माईक बहुतेक त्याच वंशातले. त्यांना वीज लागते ती फक्त आतल्या छोट्या प्रवर्धकासाठी. पण लागते. लॅपटॉपच्या भोकातून मिळणारे दोन-तीन व्होल्ट म्हणजे वेताळाला उपाशी ठेवून कामाला जुंपणं.

कुरियर सुरू व्हायला जून उजाडला. तोवर मी उपाशी वेताळावरच वाचत होते. जूनमध्ये भाच्याने ऑडिओ इंटरफेस पाठवला. हातात मावेल अशी पेटी, तिला यूएसबीची वायर आणि '४८ व्ही' लिहिलेलं एक बटण. बटण दाबलं, लाल दिवा लागला, कानाला हेडफोन लावले आणि मी दचकलेच. चर्रर्र जवळजवळ गेली होती. पण तिच्यामागे इतके दिवस दडून बसलेलं माझं सगळं घर पुढे आलं होतं. पंखा, फ्रीज, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, माझ्या बांगड्या आणि पान उलटताना होणारा, वादळात ताडपत्री फडफडावी तसा आवाज. ह्यांनी स्वयंपाकघरात जांभई दिली, तीही भूगोलात गेली.

स्वस्त माईक वाईट ऐकतो, असं मी धरून चालले होते. तो जरुरीपेक्षा जास्त ऐकत होता.

त्याच आठवड्यात, १५ जूनला, अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल पुन्हा धावू लागल्या. आमची इमारत रुळांपासून फार लांब नाही. तीस वर्षांत मला गाडी ऐकू येईनाशी झाली होती. माईकला ती यायच्या आधी ऐकू यायची, जमिनीतून टेबलात, टेबलातून दुमडत्या हातात. भाचा म्हणाला, "ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक." मला भीती वाटली, माझाही आवाज कापला गेला तर? पण बाईचा बोलण्याचा आवाज साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो. गाडीची घरघर त्याच्या पुष्कळ खाली. सॉफ्टवेअरमध्ये एक फिल्टर लावला आणि दिवा स्टेशनकडे जाणाऱ्या बऱ्याचशा गाड्या भूगोलातून वजा झाल्या. भोंगा मात्र कुठल्याच फिल्टरला जुमानत नाही. भोंगा वाजला की थांबायचं, वाक्य पहिल्यापासून.

पंखा बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जूनमधल्या डोंबिवलीत पंखा बंद करून नदीच्या कार्याचा धडा वाचणं, हा भूगोलाचा एक वेगळाच प्रात्यक्षिक भाग. फ्रीजही बंद करायला लागले आणि दुसऱ्याच दिवशी चालू करायला विसरले. लिटरभर दूध नासलं. त्यावर भाच्याने उपाय सांगितला: वाचायला बसताना मोबाइल फ्रीजमध्ये ठेवायचा. त्याची माईकच्या वायरमध्ये होणारी टिकटिकही टळते, आणि वाचन संपल्यावर मोबाइल घ्यायला गेलं की फ्रीज आठवतो. तेव्हापासून दूध शाबूत आहे.

एवढं करूनही फाइल परत आलीच. या वेळी निरोप संस्थेकडून नव्हता. फाइल ज्याच्यासाठी होती त्या नववीतल्या मुलानेच संस्थेकडून माझा नंबर मागून घेतला होता.

"बाई, तुम्ही पाण्याखालून का वाचता?"

मी काय केलं होतं ते सांगते. मागची खरखर काढायचं एक साधन सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. नुसत्या शांततेचा तुकडा त्याला नमुना म्हणून दाखवायचा, मग ते सगळ्या फाइलमधून तसला आवाज उपसून काढतं. मला ते इतकं आवडलं की मी तीनदा फिरवलं. खरखर गेली, पण तिच्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या. डाग काढताना कापडच विरावं, तसं.

"आणि तुमची खोली मोठी आहे. समोर भिंत मोकळी आहे ना?"

होती.

"मी दुपटीने ऐकतो, बाई. कधी अडीचपट. खोली घुमली की शब्द एकमेकांवर चढतात."

त्या फोनपासून मी खरं शिकायला लागले. तोवर माझ्या डोक्यात स्टुडिओतला तो भारदस्त, रेशमी आवाज होता आणि घरी तसा निघेना म्हणून मी माईकला बोल लावत होते. या मुलाला रेशीम नको होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला चाळीस पानं वीस मिनिटांत कानांखालून घालायची असत. दुप्पट वेगात शब्दांना आधीच श्वास घ्यायला जागा नसते. त्यात प्रत्येक अक्षराला भिंतीवरून परतणारं शेपूट असलं तर 'खनन' संपायच्या आत 'वहन' येऊन त्यावर आदळतं.

मी खोलीच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळीमागून एक बारीक झणत्कार आला, समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींनी तो एकमेकींकडे टोलवलेला. निजायच्या खोलीत, साड्यांचं कपाट सताड उघडून वाजवली. टाळी टाळीपाशीच संपली. स्टुडिओ तिथे हलवला.

आईच्या हातची गोधडी होती, जुन्या नऊवारींचे थर असलेली, ओली झाली तर एकटीला उचलणार नाही अशी. पहिले चार दिवस ती मी माईकच्या मागे टांगली आणि काही फरक पडेना. मग लक्षात आलं. हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही. त्याच्या पाठीशी गोधडी लावणं म्हणजे बहिऱ्या कानात बोळा घालणं. तो माझ्याकडे तोंड करून बसलेला. त्याला दिसते मी आणि माझ्या मागची भिंत. गोधडी माझ्या पाठीमागे गेली, माईकच्या पाठीशी साड्या आल्या, आणि त्या दिवशीची फाइल परत आली नाही.

अंतराचा धडा त्यानंतरचा. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोली मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे जवळ जाणं ही खोली लहान करायची फुकटातली युक्ती. पण फार जवळ गेलं की या जातीचा माईक खालचे सूर फुगवतो आणि निवृत्त शिक्षिकेचा आवाज कीर्तनकारबुवांसारखा घुमायला लागतो. शेवटी माप ठरलं एक वीत. अंगठा माईकला, करंगळी हनुवटीला. पट्टी लागत नाही, हरवत नाही, आणि आज सोडलेलं वाक्य उद्या पुन्हा वाचलं तरी कालच्याला जोडून जातं.

वितीभर अंतरावर आल्यावर मराठी भाषेने आपला हिसका दाखवला. इंग्रजी शिकवणाऱ्या व्हिडिओंत 'प' आणि 'ब' जपून उच्चारा, असं सांगतात. त्यांच्याकडे भूगोल नाही. भूभाग, भूकंप, भूपृष्ठ, भूरूपं, भूखंड! 'भ' म्हणताना तोंडातून निघणारी हवेची फुंकर पडद्यावर आदळायची आणि फाइलमध्ये प्रत्येक 'भू'ला कुणीतरी दारावर बुक्की मारल्यासारखा धप्प. भरतकामाच्या रिंगवर जुन्या नायलॉनच्या ओढणीचा दुहेरी तुकडा ताणून बसवला आणि माईकच्या चार बोटं अलीकडे उभा केला. तरी 'भूगर्भ' ऐकेना. मग माईकच थोडा तिरका, तोंडाच्या कोपऱ्याच्या रोखाने ठेवला. फुंकर सरळ निघून जाते, आवाज मात्र पोचतो.

राहिले स आणि श. स्वस्त कंडेन्सर माईकमधल्या अनेकांचा पडदा जर्मनीतल्या नॉयमन कंपनीच्या साठच्या दशकातल्या पडद्याच्या धर्तीवर बनवलेला असतो. तो पडदा मुळातच वरचे सूर चढवून ऐकतो; मूळ माईकमध्ये आतलं सर्किट ते पुन्हा उतरवतं. नकलेत पडदा येतो, पुष्कळदा ते उतरवणारं सर्किट येत नाही. म्हणून 'समशीतोष्ण' वाचलं की कानात दाभण. मी त्या वरच्या सुरांना सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन डेसिबलने खाली बसवलं आणि त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "नको, बाई. आधीचं बरं होतं. टोचतं, पण श आणि ष वेगळे कळतात." मराठीच्या बाईला यावर काय बोलायचं असतं! दाभण निम्मं ठेवलं.

जुलैच्या मध्याला माईक तडतडायला लागला. पापड भाजताना उडतात तशा बारीक ठिणग्यांचा आवाज, मध्येच, कारण नसताना. मला वाटलं, हजार रुपये संपले. पण दोष पावसाचा होता. पडदा आणि चकतीमधला भार टिकून राहायला आतला मार्ग कमालीचा कोरडा असावा लागतो. दमट हवेतलं बाष्प तिथे बसलं की भार झिरपून जातो, आणि झिरपताना तडतडतो. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको, आमच्याकडे आषाढात मीठसुद्धा पाझरतं. घट्ट झाकणाचा पापडांचा डबा रिकामा केला, गोळ्यांच्या बाटल्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या तळाला घातल्या, आणि माईकचं बिऱ्हाड तिथे हलवलं. दोन दिवसांत तडतड थांबली. पापड मात्र त्या वर्षी मऊ पडले.

आणखी एक बारीक घूंऽऽ होती, ती लॅपटॉप चार्जरला लावला की यायची आणि काढला की जायची. तिच्या मुळाशी मी गेले नाही. बॅटरी पूर्ण भरायची, चार्जर काढायचा, दीड तास वाचायचं. माझाही घसा तेवढाच टिकतो.

पुढच्या वर्षी पेन्शनच्या फरकाचे पैसे आले आणि मी हौसेने ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० घेतला. जुन्यापेक्षा कितीतरी महाग, तरी जाणकारांच्या लेखी स्वस्तातलाच. त्याच्या स्वतःच्या अंगाची खरखर वीस डेसिबल, असं कंपनी लिहिते. त्याहून महागातले पाच डेसिबलवर येतात. मी हिशेब मांडला: रात्री सगळं बंद करूनही माझी खोली तीस डेसिबलच्या खाली जात नसणार. माईक पाच डेसिबलचा घेतला काय, वीसचा घेतला काय, खोलीच वर बोलणार.

तरी शंका होतीच. म्हणून नदीच्या कार्याचा एकच परिच्छेद तीनदा वाचला. एकदा जुन्या माईकवर, गोधडीत, वितीवर. एकदा नव्यावर, तसाच. आणि एकदा नव्यावरच, पण पुढच्या खोलीत, आरामात खुर्चीत बसून, दोन हातांवर माईक ठेवून. फायलींना नुसते आकडे दिले आणि त्या मुलाला पाठवल्या. तो एव्हाना दहावीत गेला होता.

अर्ध्या तासात फोन. "तिसरी मोबाइलवर केलीत ना? ती टाकून द्या. दुसरी चांगली आहे, मागची खरखर कमी आहे. पहिली नि दुसरी एकेरी स्पीडला वेगळ्या वाटतात. डबलला मला दोन्ही सारख्याच."

म्हणजे माझा नवा, महाग माईक मोकळ्या खोलीत मोबाइल ठरला होता, आणि हजाराचा, गोधडी पांघरून, त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मी मनातल्या मनात गोधडीची किंमत करायला लागले. भाच्याला केव्हा सांगते असं झालं.

"पण बाई," तो म्हणाला, "तिन्हीत एक चूक आहे."

"माईकची?"

"तुमची. नदी गाळाचं संचयन करते. तुम्ही तिन्ही वेळा संचलन वाचलंय." थोडा थांबला. "म्हणजे सव्वीस जानेवारीसारखं."

पुस्तक उघडून पाहिलं. 'संचयन' होतं. वीत मोजली होती, भ सांभाळला होता, श आणि ष वेगळे ठेवले होते, आणि नदीला तिन्ही वेळा परेडला उभं केलं होतं. काचेपलीकडचा मुलगा असता तर त्याने तळवा दाखवला असता. इथे तिन्ही वेळा खोलीत मी एकटीच होते, आणि माझे कान सगळा वेळ माईककडे लागलेले होते.

रात्री शेवटची लोकल गेल्यावर पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, मोबाइल आत ठेवला. पापडांच्या डब्यातून माईक काढला; जुना काढला, कारण तो धडा मूळ त्याच्यावर झाला होता. एक वीत. या वेळी आधी वाक्य दोनदा डोळ्यांनी वाचलं, मग तोंडाने एकदा. तेवढं एक वाक्य जुन्या जागी जोडलं, मग फ्रीज सुरू केला आणि गार पडलेल्या मोबाइलवरून त्याला कळवलं की नदी घरी पोचली.